अमेरिकेतलं कॉलेज वाट बघत राहिलं, पण शिबेनिकचा ड्राझेन पेत्रोविच वेगळ्याच रस्त्याने एनबीएत पोचला

युरोपातला अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा बास्केटबॉलपटू अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळायला निघाला, तर आज कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. २०२५ पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे युरोपातले क्लब आता हवालदिल झालेत. लहानपणापासून घडवलेलं पोरगं ऐन वेळी अमेरिकेचं विमान पकडतं, अशी त्यांची तक्रार असते.

पण हे सगळं नवीन आहे. चाळीस वर्षांपूर्वी गोष्ट अगदी उलटी होती. तेव्हा अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कॉलेजने युगोस्लाव्हियातल्या एका पोरावर जाळं टाकलं होतं. बोलणी बरीच पुढे गेली होती. पण पोरगा गेलाच नाही. त्याने घरच्या क्लबला पसंती दिली आणि पुढे दुसऱ्याच रस्त्याने तो अमेरिकेत पोचला. तिथे आधी त्याची उपेक्षा झाली, मग कौतुक झालं आणि सगळं जुळून आलं असं वाटत असतानाच एका पावसाळी संध्याकाळी सारं संपलं.

त्या पोराचं नाव ड्राझेन पेत्रोविच.

पोलिसाच्या घरातला धाकटा

शिबेनिक हे एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं छोटं शहर. आज ते क्रोएशियात आहे, तेव्हा युगोस्लाव्हियात होतं. २२ ऑक्टोबर १९६४ ला ड्राझेनचा जन्म इथलाच. वडील योव्हान पोलीस खात्यात आणि आई बिसेर्का लायब्ररीत नोकरीला. वडील सर्ब, आई क्रोएट. त्या काळी अशा घरांचं कुणाला काही वाटत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

घरात पाच वर्षांनी मोठा भाऊ होता, अलेक्झांडर. सगळे त्याला आत्सो म्हणायचे. आत्सो बास्केटबॉल खेळायचा आणि चांगलाच खेळायचा. धाकट्यांचं सगळीकडे सारखंच असतं, मोठा जे करतो ते आपल्यालाही करायचं असतं. ड्राझेन भावाच्या मागे मागे मैदानावर जाऊ लागला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत पोरगा शाळेच्या टीममधून कॉलेजच्या टीममध्ये आणि तिथून एनबीएत जातो. युरोपात शाळा-कॉलेजच्या खेळाला फारसं महत्त्व नाही. तिथे सगळा कारभार क्लबचा. क्लबच्या लहान मुलांच्या टीममध्ये नाव घालायचं, चांगलं खेळलं की वरच्या गटात जायचं आणि खरोखरच दम असेल तर सोळाव्या-सतराव्या वर्षीच मोठ्या माणसांसोबत मॅच खेळायची. शिबेनिकमध्ये असा एक क्लब होता, शिबेन्का. ड्राझेन तिथे दाखल झाला.

शाळेआधी पाचशे शॉट

ड्राझेनबद्दल एक गोष्ट क्रोएशियात लहान पोरालाही ठाऊक असते. सकाळी शाळा सुरू व्हायच्या आधी तो हॉलवर जायचा. हॉल रिकामा असायचा. तिथे तो एकटाच बास्केटवर बॉल टाकत राहायचा, रोज पाचशे शॉट. मग शाळा आणि संध्याकाळी टीमचा सराव. सराव संपल्यावर बाकीची पोरं घरी जायची, हा पुन्हा थांबायचा.

आता रोज पाचशेच का, चारशे ऐंशी का नाही, असा हिशोब कुणी ठेवला नसणार. पण त्याच्याबरोबर आणि त्याच्याविरुद्ध खेळलेले सगळे लोक एका बाबतीत सहमत आहेत. सराव हे त्याचं वेड होतं. पुढे अमेरिकेत गेल्यावरही टीममध्ये सर्वांच्या आधी येणारा आणि सर्वांच्या नंतर जाणारा म्हणून तो ओळखला जायचा.

आणि हे वेड त्याच्या कामाचं होतं, कारण निसर्गाने त्याला बाकी फार काही दिलेलं नव्हतं. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे बास्केटबॉलच्या जगात मध्यम. उडी साधारण, वेगही विजेसारखा नव्हता. तो होता गार्ड. पाच जणांच्या टीममध्ये बॉल घेऊन पुढे येणारे, खेळ रचणारे आणि लांबून बास्केट करणारे जे दोघे असतात, त्यांना गार्ड म्हणतात. अशा खेळाडूला हाताची सफाई आणि डोक्याचा वेग लागतो. या दोन्ही गोष्टी सरावाने येतात आणि ड्राझेनने त्या सरावानेच कमावल्या.

१९७९ मध्ये शिबेन्का देशाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचली. टीमचा कारभार होता झोरान स्लावनिचकडे. हा युगोस्लाव्हियाचा जगज्जेता गार्ड, शिबेन्कामध्ये स्वतः खेळायचा आणि कोचिंगही करायचा. त्याने पंधरा वर्षांच्या ड्राझेनला थेट मोठ्या टीममध्ये घेतलं. ज्या वयात पोरं दहावीच्या तयारीत असतात, त्या वयात हा देशातल्या अव्वल क्लबांविरुद्ध उतरला होता.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तो टीमचा कणाच झाला. १९८२ आणि १९८३ अशी दोन वर्षं या छोट्या गावाची टीम कोराच कप या युरोपीय स्पर्धेच्या फायनलला पोचली. दोन्ही वेळा फ्रान्सच्या लिमोजने त्यांना हरवलं. पण शिबेनिकचं नाव युरोपभर झालं.

एका रात्रीची चॅम्पियनशिप

९ एप्रिल १९८३. युगोस्लाव्ह लीगची फायनल शिबेनिकमध्येच होती आणि समोर साराजेव्होची बलाढ्य बोस्ना टीम. बोस्नाने १९७९ मध्ये युरोपचा कप जिंकलेला. शिबेन्काने आजवर देशाची लीगसुद्धा जिंकली नव्हती.

शेवटच्या क्षणी बोस्ना ८२-८१ अशी पुढे होती. वेळ संपता संपता ड्राझेनने शॉट मारला, तो चुकला, पण रेफ्रीने फाऊल दिला. म्हणजे दोन फ्री थ्रो. हॉलमध्ये हजारो लोक, घड्याळात वेळ शून्य आणि रेषेवर अठरा वर्षांचा पोरगा. त्याने दोन्ही टाकले. शिबेन्का ८३-८२. त्याचे एकट्याचे ४० पॉइंट होते.

रात्रभर गाव रस्त्यावर होतं. कप हातात आला होता. आणि सकाळी बातमी आली की फेडरेशनने निकाल रद्द केलाय. तो शेवटचा फाऊल चुकीचा होता, असं ठरवून रेफ्रीवर कारवाई झाली आणि मॅच तिसऱ्याच गावात, नोव्ही सादला, पुन्हा खेळायचा हुकूम निघाला. शिबेन्काने जायला साफ नकार दिला. कप बोस्नाला मिळाला.

शिबेनिकचे लोक आजही ती चॅम्पियनशिप आपलीच मानतात. ड्राझेनसाठी मात्र तो गावातला शेवटचा मोठा सामना ठरला. युगोस्लाव्हियात प्रत्येक तरुणाला सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागायची. तो वर्षभर सैन्यात गेला. आणि याच सुमारास त्याच्यासमोर एक मोठा प्रश्न उभा राहिला. इथून पुढे कुठे?

नोत्र दामची नजर

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात नोत्र दाम नावाचं विद्यापीठ आहे. खेळात दबदबा असलेलं. तिथल्या बास्केटबॉल टीमचे कोच होते डिगर फेल्प्स. त्यांना ड्राझेन हवा होता आणि त्यासाठी त्यांनी जोर लावला. ड्राझेनही तयार होता असं चित्र होतं. १९८४ मध्ये तो नोत्र दामला येणार, हे तिकडे जवळपास गृहीतच धरलं गेलं होतं.

आता यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. तर विशेष हे की तेव्हा अमेरिकन कॉलेजं युरोपातून पोरं आणायची ती प्रामुख्याने उंची बघून. जर्मनीचा उवे ब्लाब सात फुटांहून उंच, तो इंडियाना विद्यापीठात खेळला. त्याचाच देशबंधू डेटलेफ श्रेम्फ जवळपास सात फूट, तो वॉशिंग्टन विद्यापीठात. हे दोघेही शाळेत असतानाच अमेरिकेत आले होते, तिथल्या हायस्कूलमधून पुढे सरकले होते. म्हणजे माल युरोपचा, पण घडण अमेरिकेची. ड्राझेनचं तसं नव्हतं. तो गार्ड होता. आणि बॉल हाताळणारे गार्ड अमेरिकेच्या गल्लोगल्ली मिळत असताना एका कॉलेजला युगोस्लाव्हियातून गार्ड आणावासा वाटला, यातच सगळं आलं.

मग तो गेला का नाही?

त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण तराजूच्या दोन पारड्यांत काय काय होतं, ते आपण नक्की बघू शकतो.

एका पारड्यात अमेरिका. कॉलेजची स्कॉलरशिप म्हणजे फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं. पगार नाही. कारण कॉलेजचा खेळाडू हा हौशीच असला पाहिजे, हा तेव्हाचा कडक नियम. शिवाय क्लासला बसायचं, परीक्षा द्यायच्या, त्याही परक्या भाषेत.

दुसऱ्या पारड्यात झाग्रेबचा त्सिबोना क्लब. तिथे आत्सो आधीपासून खेळत होता. कोच मिर्को नोवोसेल हेच राष्ट्रीय टीमचेही कोच होते. देशातला हा सर्वांत महत्त्वाकांक्षी क्लब युरोपचा कप जिंकायला निघालेला होता.

याशिवाय आणखी एक मुद्दा आहे, जो आज मागे वळून बघताना ठळक दिसतो. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये तीन पॉइंटची रेषा आली. म्हणजे सव्वासहा मीटरच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन पॉइंट. अमेरिकन कॉलेजांत ही रेषा देशभर लागू झाली ती १९८६-८७ च्या सीझनपासून. तसंच युरोपात टीमला तीस सेकंदांत शॉट घ्यावाच लागायचा. कॉलेजच्या खेळात देशभरासाठी असं घड्याळ १९८५-८६ मध्ये आलं, तेही पंचेचाळीस सेकंदांचं. थोडक्यात काय, तर लांबून मारणाऱ्या आणि झपाट्याने खेळणाऱ्या गार्डसाठी त्या दोन वर्षांत युरोपचं मैदान जास्त मोकळं होतं. अमेरिकेत गेला असता, तर आपलं सर्वांत धारदार हत्यार त्याला दोन वर्षं म्यानात ठेवावं लागलं असतं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने ब्राँझ जिंकलं, ड्राझेन त्या टीममध्ये होता. अमेरिका डोळ्यांनी बघून तो परत आला आणि त्सिबोनात दाखल झाला. नोत्र दामची जागा रिकामीच राहिली.

झाग्रेबची चार वर्षं

पुढची चार वर्षं युरोपचा बास्केटबॉल म्हणजे ड्राझेन पेत्रोविच, असं समीकरण झालं.

१९८५ मध्ये अथेन्सला युरोपियन चॅम्पियन्स कपची फायनल झाली. त्सिबोनाने रियाल माद्रिदला ८७-७८ असं हरवलं. ड्राझेनचे ३६ पॉइंट. त्सिबोनाचा हा पहिलाच युरोपियन चॅम्पियन्स कप. पुढच्या वर्षी बुडापेस्टला समोर होती सोव्हिएत संघातली झालगिरिस टीम, जिच्यात सव्वासात फुटी अर्विदास साबोनिस होता. मारामारी झाली, साबोनिसला बाहेर काढलं गेलं आणि कप पुन्हा झाग्रेबला आला.

५ ऑक्टोबर १९८५ ला तर त्याने एका लीग मॅचमध्ये ११२ पॉइंट केले. होय, एकट्याने. अर्थात यात एक मेख आहे. समोरच्या ल्युब्लियानाच्या टीमची खेळाडू नोंदणीची कागदपत्रं वेळेत झाली नव्हती, त्यामुळे त्यांना ज्युनियर पोरं उतरवावी लागली होती. तरीसुद्धा त्या दिवशी बावीसपैकी बावीस फ्री थ्रो आणि तीन पॉइंटवाले दहा शॉट टाकायला समोर कोण आहे यापेक्षा आपला हात कसा आहे, हेच महत्त्वाचं असतं.

त्याचा मैदानावरचा तोराही गाजला. बास्केट झाली की हात उंचावून नाचणं, प्रतिस्पर्ध्याला डिवचणं, गरज नसताना बॉल नाचवत राहणं. झाग्रेबमध्ये त्याला डोक्यावर घेतलं जायचं आणि परगावी तितकंच शिव्याशाप मिळायचे. बास्केटबॉलचा मोत्सार्ट हे नाव त्याला याच काळात पडलं.

१९८६ मध्ये एनबीएच्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं. पण कितव्या नंबरला? तिसऱ्या फेरीत, साठाव्या नंबरला. त्याच ड्राफ्टमध्ये पोर्टलंडने साबोनिसला पहिल्याच फेरीत घेतलं होतं. उंची आणि गार्ड यांतला फरक इथेही दिसला. युरोपात दोन वेळा चॅम्पियन झालेला गार्ड अमेरिकेच्या नजरेत अजून लॉटरीचं तिकीट होता. लागलं तर लागलं.

तसंही त्याला लगेच जाता येणार नव्हतं. युगोस्लाव्ह खेळाडूंना अठ्ठावीस वर्षांचे होईपर्यंत परदेशी क्लबकडून खेळायची परवानगी नसायची. मोठ्या खटपटीनंतर १९८८ मध्ये त्याला सूट मिळाली आणि तो आधी रियाल माद्रिदला गेला. त्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये सिल्व्हर. १९८९ मध्ये अथेन्सला कप विनर्स कपच्या फायनलमध्ये इटलीच्या कासेर्ताविरुद्ध त्याने ६२ पॉइंट केले. रियाल ११७-११३ ने जिंकली.

युरोपात आता जिंकायचं काही उरलं नव्हतं.

पोर्टलंडचा बाक

१९८९ मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. एक म्हणजे एनबीएत खेळणाऱ्यांना राष्ट्रीय टीमकडून खेळता येणार नाही, हा जुना नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने रद्द केला. आणि दुसरी म्हणजे पोर्टलंडने पैसे भरून त्याला रियालच्या करारातून सोडवलं. त्या वर्षी साबोनिसचाच देशबंधू मार्चुलिओनिस, युगोस्लाव्हियाचे दिवात्स आणि पास्पाल असे पूर्व युरोपातले आणखी काही खेळाडू एनबीएत आले.

पोर्टलंडची टीम दमदार होती. गार्डच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर. दोघेही भरात. जागाच नव्हती. पहिल्या सीझनमध्ये ड्राझेनला मॅचमागे सरासरी बारा-साडेबारा मिनिटं मिळाली. टीम फायनलपर्यंत गेली, डेट्रॉइटकडून हरली. दुसऱ्या सीझनमध्ये तर ही सरासरी सात मिनिटांवर आली आणि कित्येक मॅचमध्ये तो उतरलाच नाही.

कल्पना करा. पंधराव्या वर्षापासून ज्याच्या हातात बॉल होता, त्याला आता टॉवेल हातात घेऊन बसावं लागत होतं. तेव्हा अमेरिकेत एक समज पक्का होता, की युरोपियन पोरांना बचाव करता येत नाही आणि अंगाला अंग लागलं की ती मागे सरतात. ड्राझेनच्या बचावात कमतरता होती, हे खरंच होतं. नोत्र दामला गेला असता तर हे सगळं विसाव्या वर्षीच शिकून झालं असतं, असा विचार इथे मनात येतो. पण कॉलेजची चार वर्षं गेली असती, तर युरोपचे कप आले नसते. एकाच पोराला दोन्ही रस्ते मिळत नाहीत.

तो चिडला, पण थांबला नाही. व्यायामशाळेत घाम गाळून त्याने अंग कमावलं, बचावावर मेहनत घेतली आणि आपल्याला दुसरीकडे पाठवा म्हणून आग्रह धरला. २३ जानेवारी १९९१ ला पोर्टलंडने त्याला न्यू जर्सी नेट्सकडे सोडलं.

न्यू जर्सीत उजाडलं

नेट्स म्हणजे हरण्याची सवय झालेली टीम. पण तिथे त्याला मैदान मिळालं. १९९१-९२ च्या सीझनमध्ये तो ८२ च्या ८२ मॅच खेळला, सरासरी २०.६ पॉइंट. नेट्स सहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचली. पुढच्या सीझनमध्ये सरासरी २२.३ झाली. तीन पॉइंटचे शॉट तो जवळपास ४५ टक्के अचूक मारत होता. एनबीएची रेषा युरोपच्या रेषेपेक्षा जवळपास एक मीटर लांब, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. जानेवारी १९९३ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्याने ४४ पॉइंट केले.

तरी त्या वर्षीच्या ऑल-स्टार मॅचसाठी त्याची निवड झाली नाही. ही गोष्ट त्याला फार लागली. सीझन संपल्यावर मात्र लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत त्याचं नाव आलं. पोर्टलंडच्या बाकावरून इथवर यायला त्याला अडीच वर्षंही लागली नव्हती.

मोडलेला देश, तुटलेली मैत्री

या सगळ्या काळात घरी काय चाललं होतं? देश फुटत होता.

१९९० मध्ये युगोस्लाव्हियाने ब्यूनोस आयर्सला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. जल्लोषात एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला. सर्बियाच्या व्लादे दिवात्सने तो झेंडा हिसकावून बाजूला केला. हा विजय सगळ्या युगोस्लाव्हियाचा आहे, अशी त्याची भूमिका होती. क्रोएशियात मात्र तो अपमान ठरला. दिवात्स आणि ड्राझेन जिवलग मित्र होते. अमेरिकेतल्या पहिल्या एकाकी वर्षात दोघं तासन् तास फोनवर बोलायचे. त्या दिवसानंतर बोलणं कमी होत गेलं आणि मग थांबलंच.

१९९१ मध्ये युद्ध पेटलं. सप्टेंबरमध्ये खुद्द शिबेनिकवर हल्ला झाला. ज्याचे वडील सर्ब आणि आई क्रोएट, त्याच्यासाठी हे किती अवघड असेल याचा अंदाजच करावा. ड्राझेनने क्रोएशियाची बाजू उघडपणे घेतली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये या नव्या देशाची टीम पहिल्यांदा उतरली आणि थेट फायनलला गेली. समोर होती मायकल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांची ड्रीम टीम. क्रोएशिया ११७-८५ ने हरली. ड्राझेनने २४ पॉइंट केले. वर्षभरापूर्वी जन्मलेल्या देशासाठी ते सिल्व्हर सोन्याहून कमी नव्हतं.

७ जून १९९३

१९९३ च्या उन्हाळ्यात नेट्ससोबतचा त्याचा करार संपला होता. पुढे अमेरिकेत राहायचं की युरोपात परतायचं, हे ठरायचं होतं. दरम्यान तो क्रोएशियाकडून युरोपियन चॅम्पियनशिपची पात्रता फेरी खेळायला पोलंडला गेला. शेवटच्या मॅचमध्ये त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध ३० पॉइंट केले.

परतताना टीमचं विमान फ्रँकफर्टला थांबणार होतं आणि तिथून झाग्रेबचं विमान होतं. ड्राझेनने फ्रँकफर्टहून मोटारीने जायचं ठरवलं. गाडी दुसरं कुणी चालवत होतं, तो शेजारच्या सीटवर झोपला होता. पट्टा लावलेला नव्हता. बव्हेरियात डेंकेनडॉर्फजवळ मोठा पाऊस सुरू होता. समोरून येणारा एक ट्रक दुभाजक तोडून त्यांच्या बाजूला आडवा आला आणि गाडी त्यावर आदळली. गाडीतले बाकीचे वाचले. ड्राझेन जागीच गेला.

त्याचं वय होतं अठ्ठावीस. ज्या वयापर्यंत जुन्या देशाने आपल्या खेळाडूंना बाहेर जायला बंदी घातली होती, नेमकं तेच वय. नियम पाळला असता तर त्या वेळी तो नुकता कुठे परदेशी खेळायला मोकळा झाला असता.

मागे काय राहिलं

झाग्रेबच्या मिरोगोय दफनभूमीत त्याला निरोप दिला गेला तेव्हा अख्खं शहर लोटलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेट्सने त्याचा ३ नंबर कायमचा निवृत्त केला. त्सिबोनाच्या हॉलला त्याचं नाव मिळालं. २००१ मध्ये गोरान इव्हानिसेविचने विम्बल्डन जिंकलं, तेव्हा ते विजेतेपद त्याने आपल्या या मित्राला अर्पण केलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. दिवात्सला मात्र समेटाची संधी मिळाली नाही. बऱ्याच वर्षांनी एका माहितीपटाच्या निमित्ताने तो झाग्रेबला गेला, ड्राझेनच्या आईला भेटला आणि मित्राच्या कबरीपाशी उभा राहिला.

आणि बास्केटबॉलचं काय झालं? युरोपातला गार्ड एनबीएत नुसता टिकत नाही, तर टीम चालवू शकतो, हे अमेरिकेला पटलं. त्याच्यानंतर फ्रान्सचा टोनी पार्कर, स्लोव्हेनियाचा गोरान ड्रागिच आणि मग लुका डोन्चिच आले. हे तिघेही अमेरिकन कॉलेजात गेले नव्हते. युरोपच्या क्लबमध्ये घडायचं आणि मग एनबीए गाठायची, हा रस्ता आता रुळलेला आहे. तो पहिल्यांदा तुडवणाऱ्यांत ड्राझेन होता, तेही पायात काटे रुतत असताना.

आज वारं पुन्हा उलटं फिरलंय. युरोपातले गार्ड कॉलेजच्या पैशांसाठी अमेरिकेला निघालेत आणि त्यात गैरही काही नाही. कुणी सांगावं, १९८४ मध्ये हेच नियम असते तर ड्राझेनही गेला असता. फक्त एक गोष्ट बदललेली नाही. कॉलेज असो की क्लब, कुणी बोलवायच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये एकट्याने मारायचे ते शॉट प्रत्येकाला स्वतःच मारावे लागतात.